जानापावची फेरी आणि आईचा हात

आमच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट जेवणाच्या पंगतीत ठरायची आणि ती हात वर करून ठरायची. ही पद्धत माझ्या आजोबांची. आबा महूच्या छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, जुन्या इंदूरमध्ये तीन खोल्यांची भाड्याची जागा घेतली आणि फौज सुटल्याचा राग त्यांनी आयुष्यभर आमच्यावर काढला. पहाटे पाचला शिट्टी वाजायची. चहा कपबशीत नाही, पांढऱ्या एनॅमलच्या मगात. त्रिसरण-पंचशील म्हणायचे तेसुद्धा परेडच्या आवाजात, त्यामुळे शेजारचे गवळी आपल्या म्हशी त्याच सुमाराला सोडत. "या घरात हुकूमशाही चालणार नाही," असा हुकूम देऊन त्यांनी हातांची पद्धत सुरू केली होती. पण हात कुणाला फुकट मिळत नसे. जानापावची फेरी जो पूर्ण करील त्यालाच हात.

फेरी म्हणजे तीन डोंगर. पाऊस संपत आला, गवत कमरेपर्यंत वाढलं, की पायथ्याच्या गावातून उजाडता उजाडता निघायचं, जानापाव चढायचा, पलीकडे दरीत उतरायचं, नाला ओलांडून दुसरा डोंगर, मग तिसरा, आणि फिरून त्याच गावात यायचं. धडधाकट माणसाला दहा तास लागत. वाटेत बसायचं नाही. उभ्यानं खा, उभ्यानं पाणी प्या, झाडाला टेका, पण बूड जमिनीला लागलं की फेरी बाद, आता पुढच्या वर्षी या. सोबत हात असलेला एक साक्षीदार लागे, आणि साक्षीदार बसला तरी फेरी बादच. पंगतीतले नियमही असेच ठोक होते. हात सारखे पडले तर ज्याचा विषय त्याच्या मनासारखं व्हायचं. अर्धं घर बाजूनं असेल तर माणसाला अडवू नये, असं आबांचं म्हणणं. हरलेला विषय घरात नवा हात आल्याशिवाय पुन्हा मांडता येत नसे. आणि मोजणाऱ्यानं "झालं" म्हटलं की झालं, मग कुणी कितीही बोंबललं तरी फेरमोजणी नाही. आबा गेल्यावर मोजायचं काम बाबांकडे आलं.

मिलिंददादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला पंधराव्या वर्षी हात मिळाला. त्या दिवशी आईनं मटण केलं, बाबांनी जिलेबी आणली, आणि दादानं रात्रीच्या जेवणात पहिला हात वर केला तो घरात कुत्रा पाळू नये या बाजूनं. कुत्रा मला हवा होता. मी बाबांना विचारलं, माझी फेरी कधी? बाबा वीज कंपनीच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरीही फाईल परत पाठवल्यासारखं बोलत. "तू काय करणार आहेस हात घेऊन," एवढंच म्हणाले. मी बारा वर्षांची होते. हे मी विसरले नाही. मी काहीच विसरत नाही, हा माझा दुर्गुण आहे, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी तो सुधारेल अशी कुणी आशा ठेवू नये.

शेजारच्या गवळ्यांची एक म्हैस एकदा दुपारभर अडली होती. रेडकू पोटात आडवं आलेलं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात साबणानं धुतला, आणि बादली धरायला कुणीतरी हवं म्हणून अंगणात उभ्या असलेल्या मला बोलावलं. अर्ध्या तासानं रेडकू बाहेर आलं, ओलंचिंब, आणि आपल्याच पायांत अडकून तीनदा पडलं. त्या दिवशी माझं ठरलं. पुढे बारावीला मार्क चांगले पडले आणि जबलपूरच्या जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजातून पत्र आलं. दसऱ्याच्या आत तिथं हजर व्हायचं होतं. मी ते पत्र दोन दिवस वहीत ठेवून फिरले, मग पंगतीत बाबांना माझा विषय मांडायला लावला, कारण हात नसलेल्याला स्वतः मांडताही येत नसे.

त्या जेवणाला मक्याची भाकरी, लसणाची चटणी आणि सुकट होती. बाहेर मिलचा भोंगा झाला. बाबा म्हणाले, "जबलपूर. पाच साल. हॉस्टेल. मुलगी. बोला." दादा म्हणाला, "अरे यार, लोक विचारतील बहन काय करते, तर मी काय सांगू? भैंस की डाक्टरनी? बी.ए. कर ना इथेच, भंवरकुआंच्या कॉलेजात रोज सायकलनं जा." आणि त्यानं हात वर केला, बोटांत शेवेची चिमूट तशीच. बाबांनीही वर केला. मी आईकडे पाहिलं. तिला हात नव्हता असंच मी समजत होते, तरी पाहिलं, कारण अशा वेळी माणूस आईकडेच पाहतो. ती खाली बघून भाकरी कुस्करत होती आणि तिचा डावा हात मांडीवर होता. "दोन-शून्य. झालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी आईच्या कुशीत शिरून रडले. ती थोपटायची, काही बोलायची नाही. दिवसा मात्र मी रडत नव्हते, दिवसा मी सूड घेत होते. दादाच्या चहात मीठ घातलं, बाबांची इस्त्रीची पँट पाझरत्या माठावर नेऊन टाकली. पण ही सगळी चिल्लर कामं होती, त्यानं पोट भरत नव्हतं. मग एका जेवणात मी म्हटलं, "मला फेरी करायची आहे." मी जिंकणार नव्हते. माझा एक हात आला तरी दोनास एकच होणार. मला जिंकायचंच नव्हतं. दादाला पुढे स्कूटर लागेल, लग्न करायचं असेल, बाबांना निवृत्तीनंतर गावी घर बांधायचं असेल, त्या प्रत्येक गोष्टीला जन्मभर माझा हात आडवा यावा, एवढंच माझ्या मनात होतं. बाबांना गंमत वाटली. "कर ना. त्यात काय," ते म्हणाले. "पण साक्षीदार? मला बेटम्याला दौरा आहे, साहेबांसोबत. मिलिंदची मॅच आहे." दादा म्हणाला, "हौ, फायनल आहे. पक्का नाही जमणार."

आई तव्यावर भाकरी उलटत होती. तिकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "मी जाते ना हिच्याबरोबर."

"साक्षीदाराला हात लागतो," दादा हसत म्हणाला.

"माझा आहे," आई म्हणाली.

दादानं बाबांकडे पाहिलं, मीही पाहिलं. बाबांचा घास हातातच राहिला होता. मग ते म्हणाले, "तो? तो तर किती जुना. बावीस-तेवीस वर्षं झाली." आई म्हणाली, "आबांनी सांगितलेलं, फेरी एकदा केली की हात मरेपर्यंत. तुमच्यासमोर सांगितलेलं. आणि तुम्ही आत्ता हिला हो म्हणालात." बाबांनी घास तोंडात घातला आणि चघळत चघळत विचारलं, "तुझ्या गुडघ्याचं काय?" त्यात काळजी नव्हती. तो गुडघा आता बाबांच्या बाजूनं होता.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. दोन हात म्हणजे बरोबरी, बरोबरी म्हणजे जबलपूर. पण खरं सांगते, मला आधी आठवली ती मांडी, आणि मांडीवरचा तो डावा हात. म्हणजे तिला हात होता. ती माझ्या डोळ्यांदेखत त्या हातावर बसून राहिली, आणि मग वीस दिवस मला थोपटत राहिली. बाबा आणि दादा माझ्या मनातून मागे सरकले. त्यांचा राग जुना होता, सवयीचा होता. हा नवा होता आणि तो भलताच गोड लागत होता.

आम्ही पहिल्या गाडीनं महूला उतरलो, तिथून एका दूधवाल्या टेम्पोत बसून पायथ्याच्या गावात. पितरांचे दिवस चालू होते, गावात सकाळीच खिरीचा वास सुटला होता. आईनं साडीचा काष्टा मारला होता आणि पायात दादाचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. त्रेचाळीस वर्षांची बाई, अंगानं जड, जिना उतरताना कठडा धरणारी. गावाबाहेरच्या दगडाला हात लावून आम्ही निघालो. पाण्याची बाटली मी माझ्याच खांद्यावर अडकवली. ती मी मुद्दाम घेतली होती. तिला तहान लागली की तिनं मला हाक मारावी, मागावं, असं मला वाटत होतं.

आता जानापाववर गाडीचा रस्ता गेला आहे. रविवारी पोरं वर जाऊन फोटो काढतात, गरम भजी खातात, आणि हातातलं घड्याळ त्यांना सांगतं की तुम्ही आज किती पावलं चाललात. माझी नातही जाऊन आली. "आजी, इट वॉज सो ईझी," म्हणाली. तेव्हा वाट अशी नव्हतीच. गुरं जात ती वाट. गवत दवानं चिंब, पहिल्या पाच मिनिटांत परकर पायांना चिकटायचा आणि मग त्यात कुसळं शिरायची. तेरडा फुललेला, सगळा उतार गुलाबी. सागाची पानं किड्यांनी खाऊन जाळीसारखी झालेली, त्यातून ऊन खाली गळायचं. गुरांची वाट वळणं घेत हळूहळू चढत होती. मी ती सोडली आणि नाकासमोरचा उभा चढ धरला. अठरा वर्षांच्या पायांना तो जमतो. मागून आईच्या हाफण्याचा आवाज येत होता, तो मी कान देऊन ऐकत होते, आणि तो वाढला की पाय आणखी उचलत होते. तिनं एकदाही हाक मारली नाही. माथ्यावर कुंडापाशी मी पाच मिनिटं आधी पोचले, पोटभर पाणी प्यायले, आणि ती आली तेव्हा बाटली पुढे केली नाही. तिनं कुंडाच्या पाण्यानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि म्हणाली, "चला."

आजही लोक मला विचारतात, डॉक्टरीणबाई, तुम्हाला कुठल्याच जनावराचा राग कसा येत नाही? जनावराचा येत नाही, हे खरं आहे.

दरीचा उतार चढापेक्षा वाईट होता. काळी माती बुटांना थापली जायची आणि पाय शेरभर जड व्हायचे. खाली नाला भरून वाहत होता, दगडांवर शेवाळ. मी उड्या मारत पलीकडे गेले आणि वळूनही न पाहता दशमी काढून उभ्यानं खाऊ लागले. मागं पाणी उडाल्याचा आवाज झाला. आई नाल्याच्या मधोमध करंजाच्या एका वाकलेल्या फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळत होती. एक पाय दगडात, दुसरा हवेत. कमरेपर्यंत भिजलेली. पण बसली नव्हती. सगळं अंग त्या दोन हातांवर तोलून धरलं होतं आणि ओठ दाताखाली. ती तशीच एकेक पाऊल टाकत काठाला आली, झाडाला टेकली, आणि काष्टा वर करून तिनं गुडघा पाहिला. तो सुजून नारळाएवढा झाला होता. पुढे अजून दोन डोंगर होते.

तेव्हा मी जे बोलले ते मी इथं जसंच्या तसं लिहिते आहे. मी म्हटलं, "बस ना मग. बसून टाक. तसंही तुला बसायची सवयच आहे. घरी पण बसूनच होतीस त्या दिवशी, हात गोदीत ठेवून."

आईनं काष्टा खाली सोडला. मग म्हणाली, "वर केला असता तर काय झालं असतं? दोन-एक. हरलीच असतीस तू."

"हरले असते. पण एकटी नसते हरले."

हे तिला लागलं, मला दिसलं. तिनं पदर पिळला. "ऐक," ती म्हणाली. "त्या दिवशी माझा हात दिसला असता ना, तर तुझ्या बाबांनी तुला फेरीला येऊच दिलं नसतं. हजार बहाणे काढले असते. त्यांना वाटलं, पोरीचा एक हात आला तर काय बिघडतं. म्हणून हो बोलले. मी त्या 'हो'ची वाट बघत होते. तू मागशील, हे मला माहीत होतं. माझ्या पोटची आहेस."

"मला सांगायचं ना मग. मी रोज रडत होते."

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझं तोंड म्हणजे आकाशवाणी आहे."

मग तिथं, झाडाला टेकून, एका पायावर उभी राहून तिनं मला तिच्या फेरीची गोष्ट सांगितली. लग्नाला चार महिने झाले होते. आबा म्हणाले, सूनबाई, चालतेस का? ती चालली. दहा तास, एक शब्द न बोलता, सासऱ्याच्या मागे. घरी आल्यावर आबांनी सगळ्यांसमोर तिला हात दिला. आठ दिवसांनी तिनं आपला विषय मांडला: बालवाडीच्या बाईंचं दहा महिन्यांचं ट्रेनिंग. आबांचा हात विरोधात, बाबांचाही विरोधात. दोन-एक.

"आबांनी पण?" मी विचारलं. मला आबा फार आवडायचे.

"आबांनी पण. नियम पाळणारा माणूस होता तो, चांगला होता असं तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "पण त्यांचं काही नाही. तुझे बाबा हात वर करताना हसले. हसत हसत हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं. बस. त्या दिवशी ठरवलं, आता हा हात वर करीन तो जिंकायलाच." तिनं बाटलीसाठी हात पुढे केला आणि मी दिली. पाणी पिऊन ती म्हणाली, "बालवाडीवाल्या बाई अजून विचारतात मला. पण वयाची अट आहे, हे शेवटचंच वर्ष. नवा हात आला की माझा जुना विषय पण मांडता येतो. तुझं झालं की लगेच माझं मांडणार. करशील ना हात वर?"

"करीन," मी म्हटलं.

"मग चल. मला त्यांचं तोंड बघायचंय."

दुसरा आणि तिसरा डोंगर आम्ही कसे केले ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. आता मी गुरांची वाट धरली. तिचा एक हात माझ्या खांद्यावर, दर वीस पावलांना थांबायचं, झाडाला टेकायचं, पुन्हा वीस पावलं. झाड नसेल तिथं आम्ही एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या राहायचो. तिची पाठ घामानं गरम होती आणि थरथरत होती. तिसऱ्या डोंगराच्या उतारावर तिचा पाय दोनदा वाकला आणि दोन्ही वेळा मी तिला काखेत धरून वर खेचलं. म्हैस उठवताना शेपटीखाली खांदा लावतात तसं, असं आता म्हणता येईल. ती वेदनेनं ओरडत होती आणि मधूनच शिव्या देत होती, बाबांना, डोंगराला, दादाच्या बुटांना. मी तिच्या तोंडून शिव्या पहिल्यांदा ऐकल्या. दिवस मावळता मावळता आम्ही गावाबाहेरच्या दगडाला हात लावला. बारा तास झाले होते. आई पहिल्यांदा हसली आणि मग चिखलातच फतकल मारून बसली.

आता कुणी म्हणेल, इथं माझा राग निवाला असेल. मलाही तसं वाटलं होतं. टेम्पोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिचा गुडघा चोळत होते. तिचं सगळं बोलणं बरोबर होतं, त्यात कुठे खोट काढायला जागा नव्हती. तिच्या जागी मी असते तर तसंच वागले असते. पण चोळता चोळता मला त्या वीस रात्री आठवत होत्या. एक इशारा. डोळ्यानं नुसतं एकदा. मी कुणाला सांगितलं नसतं. माझ्या तोंडाची तिला भीती वाटली, म्हणून तिनं मला तेवढे दिवस मेल्यासारखं राहू दिलं. डाव जिंकायचा म्हणून तिनं मलाही पत्त्यासारखं धरून ठेवलं, उपडं. हे मला समजत होतं आणि सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंगत बसली. आईनं भरली वांगी केली होती, वर दह्यात कालवलेली मिरची. तिचा पाय उशीवर लांब केलेला. मी माझा विषय मांडला, पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं. बाबांचा हात वर गेला, दादाचा गेला. मग माझा. मग आईचा. तो हात वर जाताना बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. ती बाबांकडे बघून हसली, आणि हसताना एकेक दात दाखवला म्हटलं तरी चालेल. दादा पुटपुटला, "क्या बात है." बाबांचे कान लाल झाले होते. "दोन-दोन," ते म्हणाले. "मांडणाऱ्याच्या मनासारखं. झालं." मी जबलपूरला जाणार होते.

"आता माझा," आई म्हणाली. "बालवाडीचं ट्रेनिंग. दहा महिने. जुना विषय आहे, नवा हात आलाय." तिनं आपला हात वर केला. आधीचा हात खाली आला न आला तोच पुन्हा वर, इतकी घाई झाली होती तिला. बाबांचा विरोधात गेला, दादाचा त्यांच्यामागोमाग. दोन-एक. आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा उघडा होता, लहान मुलीसारखा.

माझा हात मांडीवर होता. मी तो तिथंच ठेवला. मी तो वर करणार होते, हे माझ्या बाजूनं सांगून ठेवते, जरी त्याला आता काही किंमत नाही. मला फक्त एक क्षण हवा होता. तिनं माझ्या मांडीकडे बघावं, आणि हात आहे पण वर येत नाही म्हणजे काय असतं ते तिला एकदा कळावं. मी मान खाली घालून वांग्याचं देठ बाजूला केलं. तिनं पाहिलं. तिला कळलं, अगदी पुरतं कळलं, ते मला तिच्याकडे न बघताही जाणवलं. माझं समाधान झालं आणि मी हात उचलला.

"दोन-एक. झालं," बाबा म्हणाले.

ते माझ्याकडेच बघत होते. माझा हात उठताना त्यांनी पाहिला होता, म्हणूनच घाई केली. मी ओरडले, "बाबा, माझा हात! वर होता माझा हात!" दादासुद्धा म्हणाला, "बाबा, यार, तिचा येतच होता." बाबांनी ताटाला नमस्कार केला. "झालं म्हणजे झालं." मी आईकडे वळले, आता तीच भांडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "नियम आहे," आणि लंगडत उठून ताटं गोळा करू लागली. मी तिच्या हातातून ताटं घ्यायला गेले तर तिनं दिली नाहीत.

जायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी नीट बोलत होती. कपड्यांवर नाव घातलं, लोणच्याची बरणी बांधून दिली, नवा टॉवेल आणला. मीच तिला एकटी गाठायची संधी शोधत होते आणि ती सापडू देत नव्हती. स्टेशनवर सगळे आले. दादानं माझी ट्रंक चढवली. बाबा, ज्यांनी दोनदा माझ्याविरुद्ध हात वर केला होता, ते चक्क रडत होते आणि चष्मा काढून रुमालानं पुसत होते. आई खिडकीपाशी आली तेव्हा मी तिचं मनगट धरलं. "आई, मी हात वर करणारच होते गं. शप्पथ. एक सेकंदच थांबले होते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"मग रागावलीस का?"

"रागावले नाही. तू जाणार म्हणून महिनाभर आधीपासून मी मनातून रडत होते. म्हटलं, स्टेशनवर आपलं काही खरं नाही. आता बघ, काही येतच नाही." तिनं डोळ्यांखाली बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं होतं. "तू सोय केलीस माझी. दशम्या दोन दिवस टिकतील, आधी त्या खा."

गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. तिनं मनगट सोडवून घेतलं, बाबांना म्हणाली, "चला, माझा पाय दुखतोय," आणि कठडा धरून पुलाच्या पायऱ्या चढू लागली.